अडलेला कांटा

गेल्या ज्येष्ठांत चंद्रपुरास माहेरीं जाण्याचा योग आला. जटपुरा दरवाजांतून आंत शिरलें कीं माझें मन नेहमींच हलकें होतें. या खेपेस मात्र घरांत पाऊल टाकतांच कांहींतरी बिनसलें आहे हें ध्यानांत आलें. पानें मांडलेलीं होतीं, गोळाभातावर ओतावयाच्या फोडणीचा वास ओसरीपर्यंत आला होता, आणि वहिनींचें पान तेवढें नव्हतें. "त्यांना भूक नाहीं म्हणे," भाचेसून हळूच म्हणाली. दादा मोठ्यानें म्हणाले, "भूक नाहीं कसली! वजनाच्या कांट्याशीं भांडण चाललें आहे. अकरा आठवडे झाले, दोघेंहि हटत नाहींत."

भांडणाची हकीकत अशी. वहिनींचें वय चौपन्न, उंची पांच फूट. आदल्या भाद्रपदांत तपासणी झाली तेव्हां रक्तांतील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, रक्तदाब चढलेला आणि वजन ७४ किलो असें निघालें. एरवीं त्यांनीं तें फारसें मनावर घेतलें नसतें. परंतु त्यांच्या थोरल्या बहिणीला आरमोरीस दोन वर्षांपूर्वीं अर्धांगवायूचा झटका आला. ज्या हातानें तिनें घरच्या चार मुलींच्या वेण्या घातल्या, त्या हातानें तिला आज स्वतःच्या तोंडांत घांसहि घालतां येत नाहीं. तें वहिनींनीं जवळ बसून पाहिलें होतें. दसऱ्यापासून त्यांनीं चहांतली साखर सोडली, भात निम्म्यावर आणला आणि सायंकाळीं रामाळा तलावाच्या बाजूस तासभर फिरावयास जाऊं लागल्या. होळीपर्यंत कांटा ६६ वर उतरला. आठ किलो! शेजारींपाजारीं कौतुक झालें. आणि मग तो जो तेथें बसला, तो बसलाच.

एकत्र कुटुंबांत एकाचा कांटा अडला कीं दहा वैद्य उभे राहतात. आईनें उपास वाढवावयास सांगितलें. भाच्यानें भात सर्वस्वीं बंद करण्याची आज्ञा केली. शेजारणीनें कसलासा काढा आणून दिला. दादा तर थट्टेंत बोलून गेले, "कोठेंतरी चोरून खात असशील!" ती थट्टा थट्टेच्या जागीं राहिली नाहीं. वहिनींनीं रात्रीचें जेवणच सोडलें; आणि मी पोंचण्याच्या आदल्या आठवड्यांत, निर्जला एकादशीच्या दिवशीं, देवघरांत घेरी येऊन पडल्या.

"वन्सं," रात्रीं अंगणांत बाजेवर बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "आतां मी काय हवा खाऊन राहूं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें. आरमोरीची बहीण त्यांच्या डोळ्यांपुढें होती, आणि ती भीति पोकळ नव्हती. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तिनें जिल्ह्यांतील ८६ खेड्यांतल्या मृत्यूंचीं कारणें तपासून २०१५ सालीं प्रसिद्ध केलीं, तेव्हां सातांपैकीं सुमारे एक मृत्यु मेंदूच्या पक्षाघातानें झालेला आढळला. रानांतल्या खेड्यांत माणसें तापानें, अतिसारानें मरतात अशी आपली जुनी समजूत. तेथेंहि आतां ही शहरी म्हणविली जाणारी व्याधि अग्रभागीं येऊन बसली आहे. खुद्द डॉ. अभय बंग यांना १९९५ सालीं, वयाच्या ४४ व्या वर्षीं, हृदयविकाराचा झटका आला होता. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हें त्यांचें पुस्तक आमच्या दादांच्या कपाटांत आहे. घरांतल्या सर्वांनीं तें वाचलें आहे, आणि वाचून परत कपाटांत ठेवलें आहे.

असो. वहिनींच्या प्रश्नाकडे येऊं.

वजन उतरवूं पाहणाऱ्या बहुतेकांना सहा महिन्यांच्या मागेंपुढें ही सपाटी लागते. घाट उतरतांना मध्येंच पठार लागावें तसें. डॉक्टर मंडळीहि याला पठारच म्हणतात. तें कां लागतें हें समजलें म्हणजे निम्मा त्रास कमी होतो, म्हणून थोडें विस्तारानें सांगतें.

पहिली गोष्ट अगदीं साध्या जमाखर्चाची. ७४ किलोंचें शरीर हिंडविण्यास, ऊबदार ठेवण्यास जितकें इंधन लागतें तितकें ६६ किलोंच्या शरीरास लागत नाहीं. रामाळ्याची तीच फेरी, तेंच अंतर. पण आठ किलोंचें ओझें खालीं ठेवून चालणाऱ्या बाईचा खर्च कमीच होणार. दसऱ्याला जें जेवण कमी होतें तें होळीला बरोबर पुरेसें झालें. तुमचें चुकलें कांहीं नाहीं. नव्या वजनाला जमा आणि खर्च जुळले, एवढेंच.

दुसरी गोष्ट अशी कीं शरीर काटकसरी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंत मिनेसोटा येथें अँसेल कीज या शास्त्रज्ञानें, शस्त्र हातीं घेण्यास तत्त्वतः नकार देणाऱ्या ३६ तरुणांवर त्यांच्या संमतीनें एक प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारे १५७० उष्मांकांचें जेवण दिलें व आठवड्याला बावीस मैल चालावयास लावलें. त्यांचें वजन जवळजवळ चतुर्थांशानें घटलें. पण घटण्याचा वेग शेवटीं शेवटीं मंदावत गेला. त्यांची नाडी मंद झाली, हातपाय गार पडूं लागले, आणि स्वस्थ पडून असतांना लागणारें इंधन सुमारें चाळीस टक्क्यांनीं खालीं आलें. त्यांतला मोठा भाग शरीरच रोडावल्यामुळें. परंतु उरलेला शरीरानें हात आंखडल्यामुळें. दुष्काळांत घरची शहाणी गृहिणी जशी समईंतली एक वात काढून घेते, तसें. ते तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करीत, पाकशास्त्राचीं पुस्तकें चाळीत बसत. वहिनींना हें सांगितलें तेव्हां त्या कसनुशा हंसल्या. त्यांच्याहि उशाखालीं दिवाळीच्या फराळाचें पुस्तक होतें.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती फारच थोड्यांस ठाऊक असते. मधुमेहाचें एक औषध असें आहे कीं त्यामुळें रोज सुमारें ९० ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते, आणि रोग्याला त्याची जाणीवहि होत नाहीं. वर्षभर तें औषध घेतलेल्या लोकांचीं वजनें तपासून केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं एक हिशेब मांडला. वजन एक किलो उतरलें कीं शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० उष्मांकांनीं घटतो. पण भूक मात्र सुमारें १०० उष्मांकांनीं वाढते. म्हणजे वहिनींचे आठ किलो उतरले तेव्हां खर्च दोनशेंच्या आसपास कमी झाला, आणि भूक आठशेंच्या आसपास वाढली! हीं सरासरीचीं मानें आहेत, माणसामाणसांत फरक असणारच. परंतु यावरून एवढें दिसतें कीं पठारावर उभी असलेली बाई आळशी नसते. पूर्वीं कधीं नव्हती अशा भुकेशीं ती रोज झुंजत असते. घरच्यांना ती भूक दिसत नाहीं, न उतरलेला कांटा तेवढा दिसतो. आठवड्याच्या सुया घेऊन वजन उतरविण्याचीं जीं नवीं औषधें २०२५ सालापासून आपल्याकडे दुकानांत आलीं, तीं मुख्यतः या भुकेलाच लगाम घालतात; आणि त्यांच्या प्रयोगांतहि सवा-दीड वर्षांत पठार आलेंच.

आतां दादांच्या थट्टेकडे वळतें. चोरून खाण्याचा आरोप नवा नाहीं. न्यूयॉर्क येथें १९९२ सालीं अशाच कांहीं मंडळींचा अभ्यास झाला. आम्ही रोज बाराशें उष्मांकांहून कमी खातों, तरी वजन हलत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांचें चयापचय तपासलें तें ठीक निघालें. मग विशेष पाणी पाजून शरीराचा खरा खर्च मोजण्याची जी पद्धत आहे तिनें हिशेब केला, तेव्हां दिसलें कीं प्रत्यक्ष खाल्लेल्यापैकीं सरासरी सत्तेचाळीस टक्के त्यांच्या नोंदींत आलेंच नव्हतें. आणि व्यायाम केला त्याच्या दीडपट सांगितला होता. दादा हें ऐकून विजयी मुद्रेनें पाहूं लागले. परंतु या लोकांनीं मुद्दाम खोटें लिहिलें होतें असें मानण्याचें कारण नाहीं. ज्याला आपण 'खाणें' म्हणतों, त्यांत पुष्कळसें खाणें येतच नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि वहिनी वही घेऊन बसलों. चार दिवस जें तोंडांत जाईल तें लगेच लिहावयाचें, रात्रीं आठवून नव्हे. स्वयंपाकांत चव पाहण्याचा दोष आमच्याकडे नाहीं; नैवेद्य झाल्यावांचून घरांत कोणी चव घेत नाहीं. म्हणून मी इकडे तिकडे शोधूं लागलें, आणि उत्तर मोरीच्या वाटेवर सांपडलें. वहिनी अजूनहि सर्वांच्या मागून जेवतात. सर्वांचीं पानें उठलीं कीं नातवाच्या ताटांतला पोळीचा तुकडा, पातेल्याच्या बुडाशीं राहिलेली खिचडी, दोन पाटवड्या, चमचाभर शिकरण, हें सारें 'वायां कशाला घालवा' म्हणून त्यांच्या पोटांत जातें. अन्न टाकूं नये हें त्यांना लहानपणीं शिकविलें, तें त्यांनीं पाळलें. हें चोरून खाणें नव्हे, हें घरासाठीं खाणें आहे. पण शरीराला हेतु कळत नाहीं. एका दिवशीं या उरल्यासुरल्याचीच बेरीज तीनशें उष्मांकांवर गेली. आलेल्यागेलेल्यांबरोबर घेतलेला अर्धा अर्धा कप चहा तीन वेळां. सायंकाळीं फिरून आल्यावर मूठभर दाणे. मूठ लहान असली तरी त्यांत दीडशें उष्मांक सहज मावतात, आणि तासभर चालून त्या दोनशेंच्या आसपासच खर्चून आलेल्या असतात. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपासाच्या दिवशीं जें खावें तें हिशेबांत धरूं नये अशी आपली कांहींतरी समजूत आहे. साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याला तूप व दाण्याचें कूट मिळालें कीं एका मोठ्या बशीला चार-पांचशें उष्मांक होतात, आणि पोट तर दोन तासांत पुन्हां रिकामें. निर्जला एकादशीला त्या खरोखरच पाण्यावांचून राहिल्या, तीहि चंद्रपूरच्या उन्हांत. घेरी आली नसती तरच नवल.

वहीचें चौथें पान भरल्यावर आम्हीं स्वयंपाकघरांतला तेलाचा डबा पुढें ओढला. मला वाटतें, एकत्र कुटुंबांत उष्मांक मोजण्यापेक्षां डबा मोजावा. नऊ माणसांचें घर, महिन्याला पंधरा किलोंचा एक डबा. म्हणजे माणशीं रोज ५५ ग्रॅम तेल. पांचशें उष्मांक नुसते तेलाचे, आणि तूप, दाणे, जवस त्यांत धरलेलें नाहीं. बैठें काम करणाऱ्या माणसाला वरून घालावयाचें तेलतूप मिळून वीस ते तीस ग्रॅमांच्या आसपास असावें, असें आपले पोषणशास्त्रज्ञ सांगतात. आम्ही वैदर्भीय लोक गोळाभातावर फोडणी ओततों ती पळीनें, चमच्यानें नव्हे. जवसाच्या चटणींत कच्चें तेल घालतों तें बोट बुडेपर्यंत. सांबारवडी आणि कढीगोळ्यांचें तर बोलूंच नये. एकट्या वहिनींनीं वेगळें बेचव शिजवून खावें आणि बाकीच्यांनीं गोळाभात हाणावा, हा उपाय आठ दिवसांपलीकडे टिकत नाहीं. दादांनाच मीं विचारलें, "डबा चाळीस दिवस पुरला तर चालेल का?" पैशाचा प्रश्न म्हणून त्यांनीं तो लगेच मान्य केला.

भाताविषयीं भाच्याचा आणि माझा वाद झाला. आमच्या घरीं एच.एम.टी. तांदूळ येतो. याच जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें गांव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित शेतकऱ्यानें आपल्या शेतांतल्या निराळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षें निवड करून हें वाण सिद्ध केलें, आणि त्या काळीं लोकप्रिय असलेल्या घड्याळाचें नांव त्याला मिळालें. २०१८ सालीं ते वारले. ज्या जिल्ह्यानें असा तांदूळ दिला त्या जिल्ह्यांत भाताला शत्रु मानावें हें मला पटत नाहीं. तीस ग्रॅम तांदुळाचे सुमारें शंभर उष्मांक. तो शिजून वाटीभर भात होतो. वाटीनें मोजून एकदां वाढावा, आणि वाढणाऱ्यानें दुसऱ्यांदा आग्रह करूं नये. खरी उणीव दुसरीकडे होती. वहिनींच्या ताटांत वरण असतें, पण तें पाण्यासारखें. उसळ आठवड्यांतून दोनदां. ताक भरपूर, दहीं नाममात्र. ६६ किलोंच्या बाईला दिवसाला निदान ५५ ग्रॅम प्रथिनें हवींत; त्यांच्या वहींत पस्तिशीच्या वर आंकडा एकदांहि गेला नाहीं. कमी जेवणांत प्रथिनेंहि कमी पडलीं कीं शरीर मेदाबरोबर स्नायूहि मोडून खातें, आणि भूकहि लवकर लागते. म्हणून घट्ट वरण, रोज एक वाटी मटकीची, मुगाची किंवा वालाची उसळ, वाटीभर घट्ट दहीं, आणि झुणका परतेल एवढ्याच तेलांत.

पुष्कळ घरांत दोनच वेळां, पंचावन्न मिनिटांच्या आंत जेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं तो घरोघरीं पोंचविला. ज्यांना ती मानवली त्यांनीं सोडावी असें मी म्हणणार नाहीं. अवेळीं चरणें तिनें आपोआप बंद होतें हा मोठाच लाभ. परंतु चार वेळांचें अन्न दोन वेळांत बसवलें तर पठार हलणार नाहीं. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असतां डॉक्टरांस विचारल्यावांचून जेवणाच्या वेळा मोडणें हें तर जिवावर बेतूं शकतें.

आतां व्यायामाविषयीं. पूर्वेकडे गडचिरोलीच्या रानांत मोहफुलें आणि तेंदूपानें वेंचीत दिवसभर हिंडणाऱ्या बायामाणसांना पाहून आपणांस वाटतें, एवढें चाललें तर कोणाचेंहि वजन उतरेल. पण टांझानियांतील हाड्झा नांवाच्या, शिकार व कंदमुळें यांवर जगणाऱ्या लोकांचा रोजचा एकूण खर्च हर्मन पाँट्झर यांनीं मोजून २०१२ सालीं प्रसिद्ध केला, तो शरीराच्या आकाराच्या मानानें शहरी माणसांहून फारसा निराळा निघाला नाहीं. चालण्यांत जास्त खर्चलें कीं शरीर इतरत्र थोडें वांचवितें. म्हणून एका तासाचे दोन तास करणें हा पठारावरचा उतारा नव्हे. चालणें सोडूं नये. साखर, रक्तदाब, झोंप आणि मन यांना त्याचा गुण येतो तो कांट्यावर दिसत नाहीं. पण त्याच्या जोडीला स्नायूंना जोर लावणारें कांहींतरी हवें. वहिनींनीं आजन्म तसें कांहीं केलें नव्हतें. "या वयांत मी बैठका काढूं?" म्हणून त्या लाजल्या. आमच्या वऱ्हाडांत अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायामशाळा काढली, आणि १९३६ सालीं तेथले व्यायामपटु बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ दाखवून आले. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला तो स्त्रियांसाठींहि. तेव्हां परंपरा आपल्या घरचीच आहे. खुर्चीवरून हात न टेकतां उठणें-बसणें दहा वेळां, भिंतीला हात लावून जोर, दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या हातांत घेऊन उचलणें, आणि चार नमस्कार. आठवड्यांतून तीन दिवस. पंधरवड्याला संख्या थोडी वाढवावयाची, कारण जें सोपें झालें त्यानें स्नायु वाढत नाहींत. गुडघे दुखत असतील त्यांनीं नमस्कार सोडून खुर्चीवर भागवावें.

फिरण्याची वेळ हा आमच्या गांवीं निराळाच प्रश्न आहे. पुण्यामुंबईच्या पुस्तकांत 'पहाटे अंधारांत फिरावयास जावें' असें लिहिलेलें असतें. चंद्रपुरांत वैशाखांत पारा ४६-४७ अंशांवर जातो, म्हणून सायंकाळीं सातपर्यंत रस्ता तापलेलाच. आणि पहाटेचें म्हणाल तर २०२२ च्या फेब्रुवारींत ऊर्जानगर-दुर्गापुराकडे वाघ-बिबट्यांनीं माणसें मारल्याचें कोणी विसरलेलें नाहीं. वस्तीच्या कडेला राहणाऱ्यांनीं अंधारांत एकट्यानें निघूंच नये. वहिनींचें फिरणें चैत्रापासून नकळत तासावरून वीस मिनिटांवर आलें होतें, हें वहींतच उघड झालें. त्यांना मात्र अजून आपण तासभर चालतों असें वाटत होतें. पठाराचें एक कारण तेंहि. उन्हाळाभर त्यांनीं घरांतच, गच्चीच्या जिन्यावर आणि लांब ओसरीवर, जेवणानंतर दहा-दहा मिनिटें तीन वेळां चालावें असें ठरलें.

आणखी एक गोष्ट मीं त्यांना करावयास लावली. कांट्यावर रोज चढणें बंद करून कंबरेला शिंप्याची फीत लावली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं स्वतःचें आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचें, डॉ. यडकिन यांचें, उदाहरण दिलें होतें. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत एकच, २२.३, पण मेदाचें प्रमाण यडकिन यांच्यांत ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यांत २१.२! आपणां भारतीयांच्या पोटांत लपलेला मेद कांट्याला ओळखूं येत नाहीं, फितीला येतो. स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आंत असावी म्हणतात. वहिनींची ९६ होती. शिवाय कांटा खोटीं भांडणेंहि लावतो. खारट लोणचें अधिक खाल्लें तरी पाणी सांठून दुसऱ्या दिवशीं किलोभर वाढलेलें दिसतें, आणि आरंभींच्या पंधरवड्यांत झपाट्यानें उतरतें त्यांतहि पाण्याचाच वांटा मोठा असतो.

सर्वांत आधीं मात्र आम्ही डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं थायरॉईड तपासलें, तें ठीक होतें. रक्तदाबाच्या गोळीचें प्रमाण मात्र वजन उतरल्यामुळें कमी करावें लागलें. घेरीचें एक कारण तेंहि असावें. मग दोन आठवडे वहिनींनीं कांहींहि घटवावयाचें नाहीं, तिन्ही त्रिकाळ नीट जेवावयाचें, असें ठरविलें. अशा विसाव्यानें पुढें वजन अधिक उतरतें असें कांहीं प्रयोगांत दिसलें आहे, कांहींत दिसलेलें नाहीं. पण देवघरांत पडलेल्या बाईला आधीं पोटभर जेवूं घालावें याला प्रयोग कशाला लागतो?

निघण्याच्या आदल्या दिवशीं एक अवघड बोलणें झालें. वहिनी पहिल्या पंगतीला बसल्या पाहिजेत, असें मीं म्हटलें. आई बराच वेळ बोलली नाहीं. "मग मागचें कोण आटोपणार?" तिनें विचारलें. प्रश्न खरा होता. चौपन्न वर्षांच्या सुनेनें मागून जेवावें हें कोणीं लादलेलें नव्हतें. पण उरलेलें कोणाच्या पोटांत जावें याचें उत्तर त्या घरांत तीस वर्षें एकच होतें. भाचेसून म्हणाली, "मी आटोपीन." मीं तिला अडविलें, नाहीं तर वीस वर्षांनीं हाच कांटा तिच्यापुढें अडावयाचा. शेवटीं असें ठरलें कीं भात एक वाटी कमी लावावयाचा, उरेल तें डब्यांत झांकून शीतपेटींत, आणि ज्यानें पानांत टाकलें त्यानेंच तें संपवावयाचें, मग तो नातू असो कीं दादा. आई म्हणाली, "मला वाढा आधीं, आणि हिलाहि माझ्याच शेजारीं बसवा." एवढ्यावर तो विषय संपला.

पहिले तीन आठवडे कांटा हललाच नाहीं. वहिनींचा फोन आला कीं माझ्याच पोटांत गोळा येई. श्रावणांत सणांमुळें अर्धा किलो उलट वाढला. भाद्रपदांत तो ६४.५ वर आला, आणि कार्तिकांत ६३ वर. कंबर ९० झाली, साखर उंबरठ्याच्या अलीकडे आली. पुढचें पठार साठीच्या आसपास लागेल असा माझा अंदाज आहे, आणि मीं तो त्यांना सांगूनहि ठेवला आहे.

परवां दादांचा फोन आला. तेलाचा डबा एकेचाळीस दिवस पुरला, हें त्यांनीं दोनदां सांगितलें. वहिनींना बोलवा म्हटलें तर म्हणाले, "ती आरमोरीस गेली आहे. बहिणीला खुर्चीवरून उठवण्या-बसवण्याचा व्यायाम शिकवायला."